मॅस्टोडॉनवरचं बिऱ्हाड हलवताना

मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं समाजमाध्यम, पण ते एका कंपनीचं नाही; वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरवर पसरलेलं आहे. तिथे एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाता येतं, एवढं तिथे खातं उघडणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. सोबत काय येतं, मागे काय राहतं आणि हा रस्ता कधी बंद होतो याची चौकशी मात्र सर्व्हर बंद पडायला आला की सुरू होते. तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. फॉलोअर सोबत न्यायचे असतील तर जुना सर्व्हर चालू असायला हवा, आणि त्याचा पासवर्ड हाताशी हवा.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. मराठीतही लिहिता येणारं, ट्विटरसारखं कू जुलै २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. दोन्हीकडे जमलेली माणसं त्या एका कंपनीच्या छताखालीच एकमेकांना सापडत होती. कंपनीने कुलूप लावलं आणि कोण कोणाला वाचत होतं तो सगळा गोतावळा विखुरला. २०१९ च्या नोव्हेंबरात ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्याच्या निषेधात भारतातले पुष्कळ जण मॅस्टोडॉनवर आले. तिथून उठून दुसरीकडे जाताना वाचक सोबत नेता येतात, हा मला त्या जागेचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. पण तो वापरायची एक रीत आहे.

मॅस्टोडॉनवरचा पत्ता दोन तुकड्यांचा असतो: आधी नाव, मग गाव. गाव म्हणजे सर्व्हरचं डोमेन, त्याचं इंटरनेटवरचं नाव. गावं वेगळी असली तरी ॲक्टिव्हिटीपब या सामायिक नियमावलीमुळे ती एकमेकांशी बोलतात; वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने तिला जानेवारी २०१८ मध्ये मानक म्हणून मान्यता दिली. गाव बदललं की पत्ता बदलतो. जुन्या पत्त्यावरच्या वाचकांना नव्या पत्त्याची वर्दी देण्याच्या प्रक्रियेला 'मूव्ह' म्हणतात.

मूव्हला दोन्ही बाजूंची संमती लागते. नवं खातं आधी जाहीर करतं की 'ते जुनं खातं माझंच', आणि मग जुनं खातं सांगतं की 'मी आता तिकडे राहतो'. ही वर्दी तुमच्या प्रत्येक फॉलोअरच्या सर्व्हरला जाते. तो सर्व्हर नव्या खात्याच्या नोंदीत डोकावतो, जुन्या खात्याचं नाव तिथे आहे का बघतो, आणि असेल तरच त्या फॉलोअरला जुन्याकडून नव्याकडे वळवतो. ही उलटतपासणी नसती तर नको असलेले फॉलोअर कोणीही कोणाच्याही गळ्यात मारू शकलं असतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नव्या सर्व्हरवर प्रेफरन्सेस, अकाउंट, मग 'मूव्हिंग फ्रॉम अ डिफरंट अकाउंट'. तिथे जुन्या खात्याचा पूर्ण पत्ता, नाव आणि डोमेन दोन्ही, टाकून टोपणनाव म्हणजे एलिअस तयार करायचं. त्यानंतर जुन्या सर्व्हरवर याच ठिकाणी 'मूव्हिंग टू अ डिफरंट अकाउंट' उघडायचं, नवा पत्ता लिहायचा, जुन्या खात्याचा पासवर्ड द्यायचा आणि 'मूव्ह फॉलोअर्स' दाबायचं. हे सगळं ब्राउझरमध्ये करा, ॲपमध्ये या पानांच्या मागे लागू नका. चुका बहुधा तीनच होतात. उलट क्रमाने केलं की जुना सर्व्हर मूव्ह नाकारतो, कारण नव्या बाजूला एलिअस सापडत नाही. पत्त्याऐवजी प्रोफाइलची वेब लिंक चिकटवली किंवा डोमेनमध्ये एखादं अक्षर चुकलं तरी तेच. आणि तिसरी चूक सगळ्यात महागाची: फोनमधलं ॲप वर्षानुवर्षं लॉग-इन असतं, पासवर्ड कोणालाच आठवत नाही, आणि खातं ज्या ईमेलवर उघडलं तो कधीच बंद झालेला असतो. मग पासवर्ड बदलण्याची लिंकही येत नाही. आज दुसरं काही केलं नाहीत तरी सेटिंगमध्ये जाऊन तो ईमेल चालू आहे का, एवढं बघाच.

मूव्हचं बटण दाबण्याआधी जुन्या खात्यातून फायली उतरवायच्या. 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' या पानावर तुम्ही फॉलो करता ती खाती, याद्या, म्यूट, ब्लॉक, ब्लॉक केलेली डोमेनं आणि बुकमार्क यांच्या वेगवेगळ्या सीएसव्ही फायली, म्हणजे साध्या मजकुरातले तक्ते, मिळतात. फॉलोची फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून बघा. पहिल्या रकान्यात पत्ता, पुढे त्या माणसाचे बूस्ट, म्हणजे त्याने पुढे पाठवलेल्या इतरांच्या पोस्ट, दाखवायचे की नाही, नव्या पोस्टची सूचना हवी की नको, आणि शेवटी भाषा. एका ओळीत एक माणूस. नको असलेल्या ओळी इथेच पुसून टाकल्या तर नव्या घरी अडगळ येत नाही. सेव्ह करताना फाइल सीएसव्हीच ठेवा. स्प्रेडशीटच्या स्वतःच्या प्रकारात सेव्ह झाली तर नवा सर्व्हर ती घेत नाही.

नव्या खात्यात फायली चढवताना आधी ब्लॉक आणि म्यूट, मग फॉलो. त्रास देणाऱ्या ज्या माणसाला तुम्ही जुन्या खात्यावर ब्लॉक केलं होतं, त्याच्यासाठी नवं खातं सताड उघडं असतं. ब्लॉकची यादी मूव्हबरोबर आपोआप येत नाही. ज्या बाईला किंवा पत्रकाराला टोळीने छळलं गेलंय, तिच्यासाठी हा क्रम म्हणजे सुरक्षितता आहे. चढवताना 'मर्ज' आणि 'ओव्हरराइट' असे दोन पर्याय दिसतील. मर्ज निवडा, ओव्हरराइटने नव्या खात्यावर आधीच असलेली यादी पुसली जाते. फिल्टर मात्र कुठल्याच फाइलमध्ये नसतात, ते हाताने पुन्हा लिहावे लागतात.

ज्यांना तुम्ही फॉलो करता त्यांतल्या काहींनी खातं मंजुरीवर ठेवलेलं असतं. त्यांच्याकडे नव्याने विनंती जाते. नव्या खात्याचं अनोळखी, रिकामं प्रोफाइल बघून कोणी ती नाकारणं स्वाभाविकच आहे, म्हणून फोटो, चार ओळींची ओळख आणि एखादी पोस्ट आधी टाकून ठेवा. तुमचं स्वतःचं खातं मंजुरीवर असेल तर मूव्हपुरतं ते उघडं ठेवलेलं बरं, नाहीतर इतर सर्व्हरवरचे फॉलोअर विनंत्यांच्या रांगेत येऊन थांबतात.

आता मागे काय राहतं ते. पोस्ट. सगळ्या पोस्ट. मॅस्टोडॉनमध्ये जुन्या पोस्ट नव्या सर्व्हरवर नेता येत नाहीत. सात दिवसांतून एकदा संपूर्ण आर्काइव्ह मागता येतं. त्यात तुमच्या पोस्ट जेसन नावाच्या प्रकारच्या मजकूर-फाइलमध्ये आणि चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये मिळतात. ते घरी जपून ठेवायला उत्तम, पण नवा सर्व्हर ते परत आत घेत नाही. पोस्टचे दुवे जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच उघडतात. म्हणून माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांचा धागा, एखाद्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या हिशोबाची मालिका असं जे लेखन लोक पुढे संदर्भासाठी शोधतील, ते निव्वळ मॅस्टोडॉनवर ठेवू नये. मूळ मजकूर स्वतःच्या ब्लॉगवर, मॅस्टोडॉनवर त्याची लिंक, आणि वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये एक प्रत. एवढं केलं की सर्व्हर राहो न राहो.

मूव्ह झाल्यावर फॉलोअरचा आकडा थोडा कमीच भरतो. काहींचे सर्व्हर कधीच मेलेले असतात, काहींचं सॉफ्टवेअर मूव्ह ओळखत नाही, आणि काही सर्व्हरनी तुमच्या नव्या सर्व्हरशी संबंधच तोडलेले असतात. हा शेवटचा प्रकार आधी तपासता येतो: तुमचे जवळचे वाचक ज्या सर्व्हरवर आहेत त्यांच्या 'अबाउट' पानावर अडवलेल्या सर्व्हरांची यादी बऱ्याचदा जाहीर असते. जुनं खातं लगेच डिलीट करू नका. त्या वेळी बंद असलेल्या सर्व्हरला वर्दी उशिरा पोचते, आणि जुन्या प्रोफाइलवरची 'इथून हलले' ही पाटीच चुकलेल्यांना वाट दाखवते. मूव्ह केल्यावर पुन्हा मूव्ह करायला ३० दिवस थांबावं लागतं. पाटी काढून जुनं खातं परत वापरता येतं, पण गेलेले फॉलोअर आपोआप परत येत नाहीत. प्रोफाइलवर तुमच्या वेबसाइटच्या लिंकसमोर ती तुमचीच असल्याची हिरवी खूण असेल तर वेबसाइटवरचा कोडही नव्या प्रोफाइलचा करायला विसरू नका.

सर्व्हर निवडताना लोक नियमावली वाचतात, पैशांची बाजू बघत नाहीत. ती बघावी: खर्च कोण देतं, ॲडमिन एकटाच आहे का, बॅकअप कधी होतो. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतले सर्व्हर एक करार मान्य करतात. त्यात रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हरपर्यंत पोचू शकणारा आणखी किमान एक माणूस, आणि बंद करायचं झालं तर किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना असं लिहिलेलं आहे. हा करार मोडणाऱ्याला कायद्याने कोणी पकडू शकणार नाही, पण ज्याने हे शब्द दिलेत तिथे राहावं. अधिकृत ॲप नवख्याला आधी सगळ्यात मोठा सर्व्हर सुचवतं. सुरुवातीला ते ठीक. पण सगळेच तिथे जमले तर पुन्हा एकाच छताखाली आलो.

लहान सर्व्हरची एक अडचण मराठी माणसाला चटकन जाणवते. मराठी हा हॅशटॅग शोधला तर जेमतेम पाच-सात पोस्ट दिसतात, आणि वाटतं इथे मराठी कोणी लिहीतच नाही. खरं कारण वेगळं आहे. सर्व्हरला फक्त त्याच्यापर्यंत पोचलेल्या पोस्ट माहीत असतात, आणि बाहेरच्या माणसाच्या पोस्ट मुख्यतः तेव्हा येतात जेव्हा त्या सर्व्हरवरचं कोणीतरी त्याला फॉलो करतं. दहा-वीस मराठी खाती शोधून फॉलो केली की हॅशटॅग भरू लागतो. लिहिताना पोस्टची भाषा 'मराठी' अशी निवडा. कीबोर्ड मराठी असला तरी खूण इंग्रजीचीच राहू शकते, आणि मग ज्यांनी सार्वजनिक टाइमलाइनवर फक्त मराठी निवडलंय त्यांना तुमची पोस्ट दिसतच नाही. खात्याचं नाव रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा यांतच घ्यावं लागतं. देवनागरी नाव वर, दर्शनी नावाच्या जागी.

खाजगी निरोपांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. मॅस्टोडॉनवर फक्त उल्लेख केलेल्यांना जाणारी पोस्ट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल अशी कुलूपबंद, नसते. दोन्हीकडच्या ॲडमिनला ती वाचता येते. त्या निरोपात तिसऱ्या कोणाचा पत्ता लिहिला, अगदी त्याच्याविषयी बोलण्यापुरता, तर निरोप त्यालाही जातो. माहिती देणाऱ्या माणसाचं नाव, तक्रारदाराचा फोन असलं काही तिथे लिहू नये. त्यासाठी सिग्नल हे ॲप.

मराठी सर्व्हर काढावा असं वाटणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: भारताच्या २०२१ च्या आयटी नियमांत ५० लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांची मर्यादा आहे ती जादा अटींसाठी. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं लहान मध्यस्थालाही, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या छोट्या सर्व्हरलाही, लागू आहे.

ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या समाजमाध्यमाची रचना निराळी आहे. तिथे प्रत्येक खात्याला एक कायमचा ओळखक्रमांक असतो आणि दिसणारं नाव म्हणजे त्यावर चिकटवलेलं डोमेन. पोस्टचं सगळं भांडार कार नावाच्या एका फाइलमध्ये उतरतं आणि दुसऱ्या सर्व्हरवर चढवता येतं, म्हणजे इथे पोस्टही बरोबर येतात. चित्रं त्या फाइलमध्ये नसतात, ती वेगळी न्यावी लागतात. आणि जुना सर्व्हर अचानक गेला तरी खातं वाचवायचं असेल तर रोटेशन की नावाची किल्ली आधीच स्वतःच्या नावे नोंदवून ठेवायला हवी. बहुतेकांची ती किल्ली सर्व्हरकडेच असते.

शेवटी सगळं डोमेनवर येऊन ठेपतं. क्वीअर डॉट एएफ हा मॅस्टोडॉन सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये गेला, कारण एएफ हे डोमेन अफगाणिस्तानचं आणि तालिबान राजवटीतल्या मंत्रालयाने ते नाव काढून घेतलं. नाव गेलं की यंत्र ठणठणीत असूनही मूव्हची वर्दी देता येत नाही. डोमेनचा शेवट देशाच्या नावाचा असेल तर तो देश कोणता, हे सर्व्हर निवडतानाच बघा.

स्वतःचं डोमेन घेऊन एकट्यापुरता सर्व्हर चालवायचा तर अख्ख्या मॅस्टोडॉनची गरज नाही. मॅस्टोडॉनला पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक अशा जोड-सॉफ्टवेअरचा बराच लवाजमा लागतो. गोटूसोशल हे हलकं सर्व्हर-सॉफ्टवेअर एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसवर, काही शे एमबी मेमरीत चालतं. डोमेन ठरवताना घाई नको: एकदा इतर सर्व्हरशी बोलणं सुरू झालं की ते बदलता येत नाही. डेटाबेस पुसून त्याच डोमेनवर नव्याने सुरुवात केली तर इतरांकडे तुमची ओळख पटवणाऱ्या जुन्या डिजिटल किल्ल्या नोंदलेल्या असतात आणि ते तुमचं बोलणं खोटं समजून टाकून देतात. म्हणून डेटाबेसचा बॅकअप रोज, आणि दुसऱ्या यंत्रावर. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं करा, आणि ते ज्या कंपनीकडून घेतलंय तिथे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. मुदत संपली तर मुदत संपल्याचं पत्रही त्याच बंद पेटीत जाऊन पडतं.