काच, दव आणि काळ्या मातीचा फुफाटा

गेल्या काही वर्षांत मराठवाड्याच्या शिवारांत सौर कृषिपंप झपाट्याने वाढले, आणि त्यांच्या पॅनेलवर, आमच्याकडे ज्यांना सरळ ‘प्लेटा’ म्हणतात त्यांच्यावर, साचणारी धूळ हा घरोघरी बोलण्याचा विषय झाला. काचेवरचे पाणी झटकून टाकणारे लेप या धुळीवरचा उपाय म्हणून विकले जात आहेत. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून धाकट्या भावाने गावाकडून फोन करून विचारले, “दादा, लेप मारला की पावसानं प्लेटा आपोआप धुतल्या जातात म्हणं. घ्यावा का?” मी त्याला एवढेच म्हटले, “दिवाळीपासून मृगापर्यंत आपल्याकडं पाऊस कुठं असतो?” तरीही अशा काचेचा आपल्याला उपयोग आहे असे माझे मत आहे, मात्र जाहिरातीत सांगतात त्या कारणासाठी नाही.

साध्या काचेच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात आणि पाण्याचे रेणू त्यांच्याशी हायड्रोजन बंध जोडतात, म्हणून अगदी स्वच्छ काचेवर पाणी थेंब धरून राहत नाही, ते पसरते. थेंबाची कड काचेशी जो कोन करते तो स्पर्शकोन. तो 90 अंशांपेक्षा जास्त झाला की पृष्ठभाग जलविरोधी मानतात. काचेला असे करण्याची जुनी आणि आजही भरवशाची रीत म्हणजे सिलेनची, म्हणजे सिलिकॉनयुक्त संयुगांची, प्रक्रिया. ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेनसारख्या रेणूचे एक टोक काचेवरच्या हायड्रॉक्सिल गटांशी घट्ट बांधले जाते आणि अठरा कार्बनांची साखळी बाहेरच्या बाजूला उभी राहते. जेमतेम अडीच नॅनोमीटर जाडीचा हा थर स्पर्शकोन 110 अंशांपर्यंत नेतो. सपाट पृष्ठभागावर फ्लोरिनयुक्त रेणू वापरले तरी हा कोन 120 अंशांच्या फारसा पुढे जात नाही.

त्यापुढे जायचे असेल तर पृष्ठभाग खडबडीत करावा लागतो. अळूच्या पानावर मेणाच्या सूक्ष्म उंचवट्यांमध्ये हवा अडकलेली असते आणि थेंब त्या हवेवर जणू तरंगतो. तिथे स्पर्शकोन 150 अंशांच्या आसपास जातो. खडबडीतपणाचा हा हिशेब वेंझेल यांनी 1936 मध्ये, तर अडकलेल्या हवेचा कॅसी आणि बॅक्स्टर यांनी 1944 मध्ये मांडला. काचेच्या बाबतीत अडचण अशी की उंचवटे साधारण शंभर नॅनोमीटरपेक्षा मोठे झाले की प्रकाश विखुरतो आणि काच दुधाळ दिसू लागते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. थेंब वरून पडला तर तो उंचवट्यांच्या टोकांवर राहतो, पण दव मात्र वाफेच्या रूपाने थेट खोबणींत शिरून तिथेच साकळते, हवेला बाहेर काढते आणि थेंब जागीच रुतून बसतो.

हिवाळ्यात रात्री प्लेटेची काच आकाशाकडे उष्णता टाकत भोवतीच्या हवेपेक्षा थंड होते आणि पहाटेपर्यंत तिच्यावर दव धरते. आपली काळी माती मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीने भरलेली असते. ओली झाली की फुगते, चिकटते आणि वाळली की घट्ट धरून बसते. साध्या काचेवर दवाचा सलग पापुद्रा तयार होतो, त्यात ही माती आणि तिच्यातले क्षार कालवले जातात आणि उन्हात सगळ्याचा जणू गिलावा होतो. रोज रात्री दव आणि रोज दुपारी ऊन असे चालले की मग कोरड्या फडक्याने काही निघत नाही. जलविरोधी काचेवरही धूळ बसतेच, आणि दवाचे थेंब तिला ठिपक्यांत गोळा करतात. पण त्या ठिपक्यांची काचेवरची पकड सैल असते. मऊ ब्रशने किंवा थोड्याशा पाण्याने ते सुटतात. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे धुण्याचे पाणी वाचणे हाच या काचेचा मला दिसणारा खरा लाभ आहे. एक काळजी मात्र घ्यावी लागेल. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि अशा काचेवर थेंब जागीच वाळू दिले तर त्यांचे पांढरे डाग अधिक जाड पडतात. म्हणून धुतल्यावर वायपर फिरवणे आवश्यक आहे.

लेप विकणारे स्पर्शकोनाचा आकडा पुढे करतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो थेंब घसरू लागण्याचा कोन. लातूर ते छत्रपती संभाजीनगर हा पट्टा सुमारे 18 ते 20 अंश अक्षांशांमध्ये येतो आणि पक्क्या बसवलेल्या प्लेटांचा उतारही साधारण तेवढाच ठेवतात. म्हणजे थेंब त्या उतारावर घसरला पाहिजे. थेंब जितका लहान तितके त्याचे वजन त्याला धरून ठेवणाऱ्या बलापुढे अपुरे पडते, म्हणून दवाचे बारीक थेंब एकमेकांत मिसळेपर्यंत हलत नाहीत. स्पर्शकोन 110 अंश असूनही थेंब चिकटून राहील असा पृष्ठभाग असू शकतो, आणि उलट, काचेला रासायनिकरीत्या बांधलेल्या सिलिकोनच्या, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या, लवचीक साखळ्यांवर कोन अवघा 104 अंशांच्या आसपास असूनही थेंब अगदी थोड्या उतारावर निसटतो. फ्लोरिनयुक्त संयुगे निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, त्यामुळे शेतात आणि विहिरीच्या काठावर मी तरी सिलिकोनच पसंत करीन.

भावाला मी सध्या थांबायला सांगितले आहे. सौर काचेवर बहुधा कारखान्यातच सच्छिद्र सिलिकेचा (वाळूच्या मुख्य घटकाचा), परावर्तन कमी करणारा पातळ थर दिलेला असतो; वरून लावलेल्या द्रवाने त्याची छिद्रे भरली तर धूळ कमी बसूनही प्रकाश घटू शकतो. शिवाय धुळीची घासण आणि अतिनील किरण कोणताही पातळ लेप झिजवतात. प्रयोगशाळांत अशा लेपांच्या चाचण्यांसाठी सहसा ॲरिझोनाची प्रमाणित धूळ वापरतात, आणि ती मुख्यतः सिलिका असते. तिच्यावर टिकलेला लेप आमच्या चिकणमातीवर टिकेल असे गृहीत धरता येत नाही. आमच्या भागातील महाविद्यालयांनी लेप दिलेल्या आणि न दिलेल्या काचा शेजारी शेजारी 20 अंशांच्या उतारावर छतावर ठेवाव्यात, दिवाळीपासून मृगापर्यंत दर आठवड्याला त्यांच्यातून पार होणारा प्रकाश मोजावा, आणि प्रत्येक काच पूर्ववत स्वच्छ करायला किती पाणी लागले तेही त्याच वहीत नोंदवावे.