मॉरिशस : उसाच्या रानातून सायकल

"सायकल खेळायला इमानानं जायलास? हितं रान कमी पडलं का तुला?"

आईनं विचारलं तेव्हा मी बीडच्या घराच्या अंगणात पान्यानं पेडल काढत बसलो होतो. सायकल खोक्यात भरायची म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. हँडल वळवून फ्रेमला बांधायचं, टायरमधली हवा निम्मी सोडायची, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, काढून फडक्यात गुंडाळायचा. त्याआधी टायरच्या खाचांतली माती काडीनं कोरून काढली. जगात दुसरीकडे कुठंच नाहीत अशी झाडं-पाखरं मॉरिशसच्या जंगलात आहेत. डोडो तिथलाच, माणसं आली आणि शंभरेक वर्षांत संपला. आपल्या रानातलं गवताचं बी टायरला चिकटवून तिथं न्यायचं माझ्या मनाला पटेना.

मी बालाघाटच्या डोंगरात सायकल चालवणारा माणूस. रविवारी पहाटे निघायचं, मांजरसुंब्याचा घाट नाहीतर कपिलधारची वाट, उन्हं चढायच्या आत घरी. पहिल्यांदा परदेशी जायचं तर मॉरिशसलाच, हे मात्र कधीचं ठरलेलं होतं. मुंबईहून सहा-सात तासांचं विमान, व्हिसा आधी काढायची कटकट नाही, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं. जुलैत तिकडे हिवाळा असतो. पण खरं कारण ऊस होता.

मुख्य बेट साधारण 1,865 चौरस किलोमीटरचं. बीड जिल्ह्यात अशी पाच सहज मावतील. पण विमान खाली येऊ लागलं तसा समुद्रापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊसच ऊस दिसला.

पहिला दिवस सोपा ठेवला होता. पश्चिमेला कास्कावेल, फ्लिक आँ फ्लाकच्या बाजूला डांबरी सोडली की उसातून मातीचे रस्ते निघतात. मधे गवताची पट्टी, दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस. वारा सुटला, पाचट सळसळलं आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. हा आवाज मी लहानपणी ऊसतोड्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडल्या पडल्या ऐकलाय. दिवाळी झाली की आई-वडील मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जायचे. सुरुवातीची वर्षं मीही गाडीत मागं बसून गेलो, शाळेत नाव घातल्यावर गावी आजीजवळ राहिलो. आपल्याकडे तोडीचा हंगाम दिवाळीनंतरचा, तिकडे जून ते डिसेंबर. म्हणजे आमची माणसं गावात पेरणीच्या कामाला असतात तेव्हा तिथं फड चालू असतो. आता तिथली तोडणी बरीचशी यंत्रानं होते.

आणि उसाच्या मधोमध दगडांचे ढीग. नुसते टाकलेले नव्हेत, हातानं रचलेले. काही पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेले, घराएवढे. मी सायकल आडवी टाकली आणि एका ढिगाजवळ गेलो. काळा दगड, भोकं पडलेला, वरून शेवाळ, आमच्या विहिरीतून निघतो तसाच. मधल्या थरातला एक धरून पाहिला, दोन्ही हातांनी हलला नाही. बेट ज्वालामुखीचं, रानभर असे दगड. ते वेचून बाजूला लावल्याशिवाय कांडी पुरायलाच जागा नव्हती. आधी आफ्रिकेतून, मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी हे काम केलं. 1835 मध्ये इथली गुलामगिरी संपली, त्याच सुमारास दगड वेचायला आपल्याकडची माणसं करारावर आली.

तो दगड आपलाच वाटला, त्याला कारणही आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी या भागावरून उत्तरेकडे सरकत होती. तेव्हा खालून उसळलेल्या लाव्हाचा दख्खन झाला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूमी पुढं गेली, खालची आग जागेवरच राहिली. तिनंच पुढं मॉरिशस घडवलं, आणि शेजारच्या रेयुनियन बेटावर तिचा ज्वालामुखी अजून धुमसतोय. वेरूळचं कैलास लेणं आणि उसातला हा ढीग, दोन्ही एकाच चुलीवरचे.

दुसऱ्या दिवशी खरा चढ. कास नोयाल गावातून रस्ता समुद्र सोडतो आणि शामारेलकडे चढायला लागतो. वळणं मांजरसुंब्याची आठवण देणारी, चढ मात्र जास्त उभा. सगळ्यात हलक्या गिअरवरही मांड्या पेटल्या. एका वळणावर मागं पाहिलं तर ल मोर्नचा 556 मीटरचा सुळका समुद्रात उभा. पळालेले गुलाम त्या कड्यावर लपून राहायचे. पाणी कुठून आणत असतील, हाच विचार घाट संपेपर्यंत डोक्यात होता.

वर प्लेन शाम्पेनच्या पठारावर, सुमारे 700 मीटरवर, धुकं आणि बारीक पाऊस. रस्त्याच्या कडेला लाल, बोराएवढे पेरू. झाड बाहेरून आलेलं, मूळ जंगलाला गिळत चाललेलं, पण फळाची आंबटगोड चव विसरणार नाही. पुढं पेत्रिनपासून माकाबेपर्यंत जंगलातून रुंद कच्ची वाट जाते. तिच्या टोकाला एकदम दरी उघडते. खाली हिरवंगार खोरं, लांब समुद्र, आणि पांढऱ्या लांब शेपटीचे पक्षी आपल्या पायाखालून उडतात. मी तिथं तासभर बसलो.

पेत्रिनजवळच गंगा तलाव आहे, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं पाणी. वाटेवर 33 मीटर उंच महादेवाची मूर्ती. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक कावडी घेऊन पायी येतात. इथल्या शिवलिंगाला ते तेरावं ज्योतिर्लिंग मानतात. घृष्णेश्वर, औंढा आणि परळी ही तीन आमच्या मराठवाड्यातली. त्या धुक्यात अनवाणी उभा राहिलो तेव्हा परळीच्या पायऱ्या आठवल्या.

दक्षिणेकडच्या एका खासगी मळ्यात वाटाड्याबरोबर सिंगल ट्रॅक, म्हणजे एकच सायकल जाईल अशी अरुंद पायवाट, केला. आपल्या मुरमावर मी टायरमध्ये हवेचा दाब 32 पीएसआय ठेवतो. वाटाड्यानं टायर दाबून पाहिला, मान हलवली आणि 24 वर आणला. तरी तिसऱ्या उतारावर ओल्या मुळावर पुढचा ब्रेक दाबला गेला आणि मी कोपरावर पडलो. मग त्यानं शिकवलं ते असं : मूळ यायच्या आधी वेग कमी करायचा, मुळावर दोन्ही ब्रेक मोकळे सोडायचे, बूड सीटच्या मागं न्यायचं, सायकलला खाली नाचू द्यायचं. दुपारपर्यंत जमलं. कोरड्या बालाघाटानं हे मला कधीच शिकवलं नसतं.

परतीच्या वाटेवर एका गाडीवर दालपुरी खाल्ली. वाटाण्याच्या डाळीचं पुरण, पण गूळ नाही, वर घेवड्याची आमटी आणि मिरचीची चटणी. माझं नाव ऐकून गाडीवाल्या आजोबांनी विचारलं, "तुमी मराठी?" त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे. घरात क्रिओल ही तिथली भाषा बोलतात, पण गणपतीची आरती मराठीतच. गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पैसे घेईनात.

शेवटच्या दिवशी सायकल खोक्यात गेली आणि मी पोर्ट लुईसला आप्रवासी घाटावर गेलो. 1834 पासून पुढच्या आठ-नऊ दशकांत जवळपास पाच लाख मजूर करारावर या बेटावर आले. बंदरातून वर येणाऱ्या 16 दगडी पायऱ्या अजून आहेत. दगड तोच. करार बहुधा पाच वर्षांचा, वर देखरेखीला सरदार. मी प्रत्येक पायरीवर थांबत गेलो.

घरी आल्यावर आईला फोनवर फोटो दाखवले. समुद्र तिनं भराभर पुढं सरकवला. दगडाच्या ढिगापाशी थांबली.

"मुकादम कोण व्हता त्यांचा?"

"सरदार म्हणायचे."

पुढचा फोटो तोडणी झालेल्या रानाचा होता. यंत्र पुढं गेलेलं, मागं वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, जागच्या जागी पडलेले, हिरवे. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे आसंच टाकून देतेत? आरं, वाढे इकून तर आमी रोजचं तेल-मीठ आनायचो."