डाव्या कुशीवर

आज खानापूरला आत्याकडे गेले होते. रात्री जेवलं की छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. बिचारी बसूनच रात्र काढते. म्हटलं, "आत्या, डाव्या कुशीवर झोप बघू." तसं झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं, आम्ल वर चढत नाही. उजवीकडे वळलं की उलटं. कंबरेसाठी दोन गुडघ्यांमध्ये जुन्या लुगड्याची घडी दिली. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या, साधारण १५ सेंटिमीटर. नुसत्या उशा रचल्या की पोट दुमडतं, त्रास वाढतो. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत, ते मात्र अवघड. मामा शेतातून येईपर्यंत ती जेवत नाही. म्हणून मामांशीच बोलले. घास अडकत असेल, वजन उतरत असेल तर मात्र डॉक्टरांकडेच न्या.