यादीतली आया

गेले चार दिवस मी ब्रिटिश लायब्ररीत बसून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत छापल्या जाणाऱ्या, बोटीने विलायतेस निघालेल्या प्रवाशांच्या याद्या उतरवून घेत आहे. त्यांत मडमेचे नाव असते, सोबत मूल असल्याचा उल्लेख असतो आणि शेवटी एकच शब्द असतो : आया. वाटभर ते मूल जिने सांभाळले, बोट लागलेल्या मालकिणीची उस्तवार जिने केली, तिचे नाव नाही, गाव नाही, वय नाही. काल अशीच एक ओळ उतरवताना मला पेन्सिल खाली ठेवावी लागली.

संध्याकाळी मी लंडनच्याच हॅक्नी भागातल्या किंग एडवर्ड्स रोडवर गेले. तिथे 26 क्रमांकाच्या घरात 1900 ते 1921 पर्यंत आयांचे वसतिगृह होते आणि ते लंडन सिटी मिशन ही ख्रिस्ती संस्था चालवीत असे. मालकिणीने आयेचे परतीचे तिकीट वसतिगृहाकडे सोपवायचे आणि हिंदुस्थानास निघालेल्या एखाद्या कुटुंबाला आया हवी असली की वसतिगृहाने तिला त्यांच्याबरोबर धाडायचे, अशी तिथली रीत होती. पण तिकीट न देताच वाऱ्यावर सोडलेल्याही कितीतरी जणी होत्या. मिसेस अँटनी परेरा या आयेने अशा 54 सफरी केल्याची नोंद आहे. परेरा हे आडनाव आपल्याकडे वसईपासून गोव्यापर्यंत ऐकू येते. मात्र 54 वेळा समुद्र ओलांडणाऱ्या या बाईचीही ओळख नोंदीत नवऱ्याच्याच नावाने उरली आहे.

2022 साली त्या घरावर, लंडनमध्ये ऐतिहासिक वास्तूंवर लावतात तशी, निळी पाटी लागली. मोलकरणींच्या निवाऱ्याला असा मान मिळावा याचे मला मनापासून कौतुक वाटले आणि तितकाच रागही आला, कारण या बायकांना नावाविना ठेवणाऱ्यांचाच हा देश आहे. आपल्याकडे निदान घरकाम करणाऱ्या बाईला मावशी म्हणतात, नात्यात घेतात, असे मी परतीच्या बसमध्ये स्वतःला बजावत होते. आपल्याच बायकांचा इतिहास लिहायला तिकडे कशाला राहायचे, असे आई नेहमी विचारते; आपल्या बायकांचे कागद इथे आहेत म्हणून, हे माझे उत्तर खरेच आहे आणि ते मी आजवर ठामपणे देत आले आहे.

रात्री मात्र मी आईला फोन करून, मला लहानपणी सांभाळणाऱ्या मावशींचे नाव विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. त्या पोलादपूरकडच्या होत्या, एवढेच तिला आठवले. बाबा पगाराचा हिशेब एका लाल वहीत लिहीत, त्यात नाव असेल, असे ती म्हणाली. ती वही माळ्यावर आहे. मे महिन्यात घरी आले की सर्वांत आधी ती काढायची आहे.