किट बदलूनही गळणारा डिझेल पंप: माझा अनुभव

पंप-नोझलवाल्याच्या, म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याच्या, हातात गाडीचा डिझेल पंप (इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा) द्यायच्या आधी एवढंच विचारा, "गळतंय नेमकं कुठून, ते गाडीवरच दाखवाल का?" "खोलल्यावर कळेल" असं उत्तर आलं तर पंप देऊ नका. हे मी चिडून लिहितोय, आणि ती चीड अजून गेलेली नाही.

गाडी जुनी इंडिका. १.४ लिटरचं साधं डिझेल इंजिन, टर्बो नाही, मायको कंपनीचा व्हीई जातीचा रोटरी (फिरता) पंप. पार्किंगच्या फरशीवर डिझेलचे डाग, केबिनमध्ये वास, आणि रात्रभर पंपात हवा शिरल्यामुळे सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागायचा. चालढकल करण्यासारखं हे दुखणं नाही, कारण या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरतो आणि डिझेल लागून बेल्टचं रबर मऊ पडतं. बेल्ट गेला की खर्च पंपावर थांबत नाही, इंजिनाच्या हेडपर्यंत जातो.

पंप उतरवायला काही त्रास झाला नाही. अडलं ते दुकानात. "साहेब, पंपाचं हेड लीक आहे. फुल किट (सगळी नवी सीलं) टाकून कॅलिब्रेशन (डिझेलचं माप जुळवणं) करावं लागेल, परवा देतो." त्यानंतर दर फोनला "टेस्ट बेंचवर लावलाय". समक्ष गेलो तर पंप कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये, आमच्या मिस्त्रींनी तोंडाला बांधून दिलेल्या फडक्यासकट तसाच पडलेला. म्हणजे कोणी हातसुद्धा लावला नव्हता. पुढेही बरेच दिवस तीच उत्तरं ऐकली. शेवटी फुल किट आणि कॅलिब्रेशनचं बिल भरून पंप आणला, चढवला, टायमिंग लावलं, आणि त्याच संध्याकाळी पंपाच्या पोटाखाली पुन्हा थेंब.

दुकानदार म्हणाला, "सील नवीन आहेत, शे-दोनशे किलोमीटर चालवा, बसतील." असं काही नसतं. नीट दाबली गेलेली ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) पहिल्या मिनिटापासून डिझेल धरते, नाहीतर धरतच नाही. वर काळा धूर वाढला होता, कारण फुल-लोडच्या स्क्रूचं (जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं ते ठरवणाऱ्या) सील तोडून तो फिरवलेला. मी गळती काढायला पंप दिला होता. त्या स्क्रूला हात लावायच्या आधी मला विचारायला हवं होतं.

खरी जागा मिस्त्रींनी शोधली, पंप गाडीवर असतानाच. ब्रशने अख्खा पंप धुतला, हवा मारून कोरडा केला आणि वरून खालपर्यंत टाल्कम पावडर फवारली. इंजिन सुरू करून लिव्हर हलवला. पावडर पहिल्यांदा ओली झाली ती अगदी वर, अ‍ॅक्सिलेटरच्या लिव्हरखाली, शाफ्टच्या मुळाशी. तिथून ओघळ टॉप कव्हरच्या कडेने पाइपांमागे उतरून पंपाच्या हेडच्या जोडावर साठत होता. इंजिनाचे फेरे वाढले की पंपाच्या आतला दाबही वाढतो, म्हणून रेस दिल्यावर ओघळ जाड व्हायचा. लिव्हर काढून शाफ्ट बाहेर घेतला तर त्यावरची ओ-रिंग जुनीच. चपटी, कडक; नखाने दाबली आणि तुकडा पडला. फुल किटचे पैसे घेतले आणि लिव्हर काढलाच नव्हता! जाब विचारला, पण मजुरीतला रुपयाही परत मिळाला नाही.

नवी रिंग घ्याल ती व्हायटन या डिझेलला टिकणाऱ्या रबराची घ्या, साधी काळी नायट्राइलची नको. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. गंधक काढताना अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होतात, आणि त्यांच्यामुळे फुगून घट्ट बसलेलं जुनं नायट्राइल रबर आकसतं. जुन्या पंपांच्या गळतीमागे हेही एक कारण असतं.

लिव्हर काढण्याआधी त्याच्यावर आणि शाफ्टवर पंचने खूण करायलाच हवी. तो दात्यांवर बसतो. एक दाता चुकला तरी आयडल बिघडतं. टॉप कव्हर झटक्याने उचलू नका, गव्हर्नरची (इंजिनाचे फेरे सांभाळणाऱ्या भागाची) स्प्रिंग आतून शाफ्टला अडकलेली असते, ती हळूच सोडवायची. शाफ्ट कव्हरमधल्या बुशमध्ये डुगडुगत असेल तर नुसती रिंग फार टिकणार नाही, कव्हरही बघावं लागेल. आमचा घट्ट होता. काम दुपारच्या आत उरकलं, पंप न उतरवता, आणि पावसाळा संपला तरी फरशी कोरडी आहे.

हवा काढताना आधी फिल्टरवरचा हातपंप मारा, मग नोझलकडचे पाइपांचे नट सैल करून डिझेल येईपर्यंत सेल्फ द्या. आणि पाइप सोडलेच असतील तर रिटर्नचा (जादा डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपचा) बोल्ट वेगळा ठेवा. त्यावर 'आउट' कोरलेलं असतं आणि आत बारीक भोक असतं. तो इनलेटला लागला तर पंपाला पुरेसं डिझेलच पोचत नाही, गाडी उचलत नाही, आणि पंपवाला पुन्हा सांगेल की हेड गेलं.