दामदुप्पट आणि एफ ऑफ एक्स

सोमवार

अकरावीचं गणिताचं पुस्तक भाचीचं आहे, पण सध्या त्याचा मुक्काम माझ्याकडे. ती क्लासच्या नोट्सवर अभ्यास करते, त्यामुळे पुस्तक कोरं करकरीत होतं. पतपेढीतून घरी यायला सात वाजतात. स्वयंपाक, भांडी, उद्याची भाजी निवडून ठेवणं, आणि मग जेवणाच्या टेबलावर मी आणि 'फंक्शन्स'. घरच्यांना वाटतं मी प्रमोशनची परीक्षा देतेय. परीक्षा-बिरीक्षा काही नाही. दहावीनंतर आर्ट्सला गेले आणि गणित सुटलं. जिथे सुटलं तिथून पुढे काय होतं, ते बघायची हौस आहे.

धड्याच्या सुरुवातीला दोन लंबगोल आणि मधे बाण. डाव्या संचातल्या प्रत्येकाला उजव्या संचातला एक आणि एकच जोडीदार, की झालं फंक्शन, म्हणजे पुस्तकातलं 'एफ ऑफ एक्स'. भाची म्हणाली, "मावशी, मशीन समज. इकडून टाकलं, तिकडून निघालं." मला मशीन काही जवळचं वाटेना. मी बॅगेतून माझं पासबुकच काढलं. तारीख सांगा, त्या दिवसअखेरची शिल्लक एकच निघते. एका खात्याला एकाच संध्याकाळी दोन शिलका निघाल्या तर आमच्याकडे ऑडिटर येऊन बसेल. म्हणजे तारखेवरून शिल्लक हे फंक्शन. आता उलटं करा. पेन्शनवाले एक काका दर महिन्याला पैसे जमा झाले की ५०० ठेवून बाकी सगळे काढतात. त्यांच्या पासबुकात "५०० कधी होते?" असं विचारलं तर वर्षातल्या ढीगभर तारखा निघतील. शिलकेवरून तारीख सांगता येत नाही, म्हणून हे फंक्शन उलटं फिरवता येत नाही. आडव्या रेषेची कसोटी म्हणतात ती हीच: आडवी रेष आलेखाला एकाहून जास्त ठिकाणी कापत असेल तर इन्व्हर्स विसरा.

भाचीने मान डोलावली आणि मोबाइलमध्ये परत गेली. मला मात्र झोप येईना.

बुधवार

आज मागे वळून दहावीच्या वर्गसमीकरणांकडे गेले. कारण सांगते. फंक्शनच्या धड्यात क्ष वेगळाच वागतो असं मला सारखं वाटत होतं. दहावीत क्ष म्हणजे दडून बसलेला एक आकडा. मधल्या पदाची फोड करा, नाहीतर सूत्रात घाला, पण त्याला पकडा आणि उत्तराखाली दोन रेघा मारा. अकरावीत तोच क्ष मोकळा सुटलाय. त्याला कुणी पकडायला सांगत नाही. तो जाईल तिथे य कुठे जातो, एवढंच बघायचं. इतका मोठा बदल, आणि पुस्तकात त्याबद्दल एक ओळ नाही!

पडताळून बघायला भास्कराचार्यांची माकडं घेतली. ११५० च्या सिद्धांतशिरोमणीतला बीजगणिताचा भाग, त्यातलं हे उदाहरण. कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग करा, तेवढी माकडं रानात खेळतायत, उरलेली १२ डोंगरावर किचकिचाट करतायत, तर एकूण किती? मांडणी केली की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. उत्तरं १६ आणि ४८. दोन्ही बरोबर. १६ चा आठवा हिस्सा २, त्याचा वर्ग ४, आणि १२ मिळून १६. ४८ चा आठवा हिस्सा ६, वर्ग ३६, आणि १२ मिळून ४८. आचार्यांनी दोन्ही उत्तरं ठेवली.

दहावीत असते तर वही मिटली असती. आज मी डाव्या बाजूलाच य म्हटलं आणि आलेख कागद घेतला. क्ष शून्य असताना य ७६८. मग वक्र खाली येत जातो, १६ ला अक्ष ओलांडतो, ३२ ला तळ गाठतो, तिथे य उणे २५६, आणि तिथून चढत ४८ ला पुन्हा अक्षावर. ३२ हे १६ आणि ४८ च्या बरोबर मध्यावर आहे हे कागदावर बघून जो आनंद झाला, तो मोठ्याने बोलायची सोय नव्हती, सगळे झोपले होते. शाळेत आम्ही वक्राचे फक्त ते दोन बिंदू पाहिले होते, जिथे तो अक्षाला भेटतो. बाकीचा अख्खा वक्र कुणी विचारलाच नाही.

त्याच्या पुढचं उदाहरण त्याहून मजेदार. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. इथे उत्तरं ५० आणि ५. पण ५ चा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले तर उणे २. वर्ग केला की चार होतात, हिशेब जुळतोसुद्धा. तरी आचार्य म्हणतात, हे उत्तर घेऊ नका, उणे संख्या अशी समोर आलेली लोकांना पटत नाही. भाचीला सकाळी डबा भरताना सांगितलं तर ती म्हणे, "म्हणजे डोमेन रिस्ट्रिक्ट केलं." मला वाटतं, तिने एका वाक्यात त्यांचं बोलणं बरोबर उचललं. कुठले क्ष आत घ्यायचे हे समीकरण सांगत नाही, माकडं सांगतात.

शुक्रवार

काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न: "ताई, दामदुप्पटला कितला महिना लागतीन?" भिंतीवर तक्ता आहे, पण तक्ता कुणी वाचत नाही, माणसाकडून ऐकायचं असतं.

रात्री दहा हजार रुपये आणि द. सा. द. शे. ९ असं धरून दोन आलेख एकाच कागदावर काढले. सरळव्याजाला दर वर्षी ९०० ची भर, म्हणून सरळ रेषा. चक्रवाढीला दर वर्षी १.०९ ने गुणायचं, म्हणून वक्र. पहिल्या वर्षाला दोन्ही १०,९०० वर. दुसऱ्या वर्षाला फरक फक्त ८१ रुपयांचा, माझ्या पेन्सिलीच्या टोकाच्या जाडीत तो दिसतच नव्हता. पाचव्या वर्षाला १४,५०० आणि १५,३८६, इथे वेगळे झालेले कळतात. आठव्या वर्षाला १७,२०० आणि १९,९२६. म्हणजे चक्रवाढीने आठ वर्षांत जवळजवळ दुप्पट, आणि सरळव्याजाला त्यासाठी अकरा वर्षांहून थोडा जास्त वेळ.

लोक पहिल्या दोन वर्षांकडे बघून ठरवतात. "चक्रवाढ असो नाहीतर सरळ, काय फरक पडतो?" असं म्हणणाऱ्यांना मी आजवर तोंडी समजावत आले. आता वाटतं हा कागदच काचेखाली ठेवावा. मॅनेजरसाहेब परवानगी देतील का, हे फंक्शन मात्र मला अजून सुटलेलं नाही.

रविवार

पाटणादेवीला जाऊन आलो. चाळीसगावात राहून वर्षातून एकदा तरी होतंच. बाकीचे धबधब्याकडे गेले. माझ्या डोक्यात या वेळी तो शिलालेख होता. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, तो सगळा मजकूर त्यात आहे, साल १२०७ च्या सुमाराचं. आचार्य स्वतः इथलेच की विजापूरकडचे, यावर इथे चहाच्या टपरीवर भांडण लावता येतं. मला त्यात रस नाही. मला रस त्या लेखाच्या शेवटच्या भागात: तो जुन्या मराठीत आहे आणि मठाला बाजारातल्या खरेदी-विक्रीतून काय काय मिळायचं याची ती नोंद आहे. बीजगणित शिकवायचं तरी रोजचा खर्च कुठून तरी यायलाच हवा, हे त्या माणसाला ठाऊक होतं. पतपेढीतल्या बाईला हे वाचून बरं वाटणारच.

मंगळवार

आज तुकड्यांची फंक्शन्स. क्ष अमुकपर्यंत एक नियम, पुढे दुसरा. पुस्तकातली उदाहरणं कोरडी आहेत. मी दामदुपटीचा जुना नियम घेतला, ठेवीवाला नव्हे, सावकारीतला. जुन्या हिंदू कायद्यात होता आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानला: एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. गावाकडे अजून दर बोलतात तो "शेकडा दोन", म्हणजे महिन्याला. दहा हजारांवर महिना २०० व्याज. काहीच फेडलं नाही असं धरलं तर ५० महिन्यांत व्याज मुद्दलाइतकं. तिथपर्यंत आलेख चढती रेष, १०,००० अधिक २००क्ष. पन्नासाव्या महिन्याला कोपरा. तिथून पुढे २०,००० वर आडवी रेष, क्ष कितीही वाढवा. कर्जदाराच्या बाजूने काढलेला तो कोपरा बघायला मला फार आवडला. आमच्या कर्जखात्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असले कोपरे नसतात.

गुरुवार

लॉगॅरिदमशिवाय, म्हणजे किती वेळा गुणलं की हवा तो आकडा येतो हे काढायच्या रीतीशिवाय, आता पुढे सरकता येत नाही. रकमेवरून काळ काढायचा, म्हणजे त्या चक्रवाढीच्या फंक्शनला उलटं फिरवायचं, आणि इथे ते फिरतं, कारण वक्र सतत चढत जातो, तीच रक्कम दुसऱ्यांदा येत नाही. पैसे किती वर्षांत दुप्पट होतील याचा आम्ही काउंटरवर तोंडी करतो तो ७२ चा हिशेब, ७२ भागिले दर, तो इथूनच निघतो. दर अगदी लहान असेल तर खरा आकडा ६९.३ च्या आसपास आहे, दोनच्या नैसर्गिक लॉगची शंभरपट. पण ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ सगळ्यांनी भाग जातो, आणि साधारण ८ टक्क्यांच्या आसपास उत्तरही नेमकं येतं. ९ टक्क्यांना आठ वर्षं, वहीत काढलं तर ८.०४.

दुपारी एक निवृत्त गुरुजी ठेव मोडायला आले. हातात कुठल्यातरी योजनेचं पत्रक, तीन वर्षांत दुप्पट. नेहमीच्या हिशेबाने ७२ भागिले ३ म्हणजे २४ टक्के. पण इतक्या वरच्या दराला तो हिशेब तोकडा पडतो, २४ ने तीन वर्षांत १.९०६६ पटच होते. मी पत्रक उलटं करून कोऱ्या बाजूला लिहिलं: १.२६ गुणिले १.२६ म्हणजे १.५८७६, त्याला पुन्हा १.२६ ने गुणलं की २.०००३७६. "गुरुजी, हे लोक दरसाल सव्वीस टक्के देणार म्हणतायत. त्यांचा खर्च, नफा धरला तर ते कर्ज कितीने देत असतील? आणि सव्वीसच्या वर कर्ज घेऊन फेडणारा माणूस तुमच्या ओळखीत आहे का?"

गुरुजींनी चष्मा लावून गुणाकार एकदा स्वतः करून बघितला. हातचा घेताना ओठ हलत होते. पत्रक घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "मुलाशी बोलतो." ठेव आज तरी मोडली नाही. सोमवारी परत येणार आहेत.