४०००४३ मधली एक फाइल

कर्जाचा अर्ज केला की चारेक दिवसांनी एक माणूस तुमच्या दारात येतो. किती वर्षं राहता, घरात माणसं किती, खोली स्वतःची की भाड्याची, हे लिहून घेतो, दाराचा फोटो काढतो आणि जातो. तो मी. गेली ११ वर्षं हेच करतोय, आधी कुर्ला-घाटकोपर, आता चेंबूरपासून मानखुर्दपर्यंत. आम्ही कर्ज देणाऱ्याचे नोकर नसतो, एजन्सीचे असतो, आणि पैसे केसमागे मिळतात.

तुमच्या दारातून निघाल्यावर मी शेजारची आणखी दोन दारं वाजवतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमुक माणूस इथंच राहतो ना, कसा आहे, काही भानगड आहे का, असं विचारतो. आमच्या भाषेत ‘टीपीसी’, म्हणजे थर्ड पार्टी चेक. फॉर्ममध्ये बाकी सगळीकडे नुसत्या खुणा करायच्या असतात, शेवटी मात्र एक मोकळा रकाना असतो, रिमार्कचा. तिथं मी लिहीन ते जातं. हे सगळं लिहायला बसलो ते त्या रकान्यामुळे.

आमच्या धंद्यात ‘निगेटिव्ह एरिया’ असा एक शब्द आहे. जिथं वसुली अवघड, जिथं पोलिस केसेस फार, तो भाग यादीत टाकायचा. अर्जदाराला यादी कोणी दाखवत नाही, त्याला नुसता ‘पॉलिसीत बसत नाही’ असा मेसेज जातो. माझ्या हाताखालून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक यादीत ४०००४३ हा पिन कोड होता. गोवंडीचं शिवाजीनगर, बैंगनवाडी. तिथली पोरं नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाताना ‘चेंबूरला राहतो’ म्हणून सांगतात, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

आमच्याकडे नवा मुलगा लागला की पहिल्याच आठवड्यात त्याला सांगतात, गोवंडीत जपून, मोबाइल बाहेर काढू नकोस. मग तो काय करतो? शिवाजीनगर जंक्शनला लिंक रोडवरच्या पुलाखाली उभा राहतो, तिथूनच एक फोटो मारतो आणि ‘पत्ता सापडला नाही’ लिहून मोकळा होतो. असले रिपोर्ट मी ढिगाने पाहिलेत आणि मला त्यांची चीड येते. कारण पत्ता शोधायला इतकी सोपी वस्ती माझ्या पट्ट्यात दुसरी नाही. ही वस्ती आपोआप वाढलेली नाही, महापालिकेनं आखून बसवलेली आहे. सत्तरच्या दशकात शहरातल्या ठिकठिकाणच्या झोपड्या उठवल्या आणि ती माणसं इथं आणून बसवली, १९२७ पासून चालत आलेल्या देवनारच्या डम्पिंगच्या कडेला. दहा बाय पंधरा फुटांचे तुकडे, सरळ गल्ल्या, नंबर दिलेले रस्ते. प्लॉट, लाइन, खोली आणि रोड नंबर, एवढं कागदावर असलं की मी कोणालाही न विचारता दारापर्यंत जातो. याउलट चेंबूरला एकाच नावाच्या तीन-तीन सोसायट्या, आणि तीनही ठिकाणचे वॉचमन सांगतात, ‘ये इधर का नहीं है।’

मुंबईचा कत्तलखाना १९७१ साली देवनारला आला. १९७६ साली, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी पाडली आणि तिथल्या लोकांना चीता कॅम्पला नेऊन टाकलं, तेही याच विभागात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या २४ विभागांपैकी सगळ्यात तळाला हाच एम-पूर्व विभाग होता, निर्देशांक ०.०५. हा आकडा मी एका प्रशिक्षणात ऐकला. शिकवणाऱ्यानं तो ‘म्हणूनच इथं रिस्क जास्त’ हे पटवायला सांगितला होता.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. फाइल एका बाईची, वय ३४, घरगुती जरीकामाचा धंदा, कर्ज दीड लाख. ज्या कंपनीची केस होती तिनं त्याच महिन्यात बायकांच्या लहान धंद्यांसाठी हा पिन कोड यादीतून काढला होता. मला मनापासून बरं वाटलं होतं. सकाळी पहिलीच व्हिजिट तीच लावून घेतली.

रोडवर शिरलो तर नाक्यावर पोलिसांची गाडी. आदल्या रात्री तिथं एका पोराला चाकू लागला होता. दोन दुकानांची शटर खाली. कोपऱ्यावर तीन पोरं बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, ‘बटन’ खाल्लेली. तिथं झोपेच्या गोळ्यांना बटन म्हणतात. हे मी लपवणार नाही. मी तिथं कफ सिरपच्या रिकाम्या बाटल्यांचा खच पाहिलाय, पोरांना भिंतीला धरून चालताना पाहिलंय, आणि २०१९ ला त्याच जंक्शनवर माझा फोन हिसकावून नेलाय. गोवंडीबद्दल बोलतात ते सगळं खोटं, असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येणार नाही.

घर सापडायला चार मिनिटं लागली. खाली चूल-भांडी, उभ्या लोखंडी शिडीनं वर माळा, माळ्यावर तीन अड्डे. अड्डा म्हणजे कापड ताणून बांधायची लाकडी चौकट, तिच्या दोन्ही बाजूंना कारागीर मांडी घालून बसतात आणि आरीनं टिकल्या-मोती टाकतात. धंदा खोटा दाखवणारे लोक अड्डा भाड्यानं आणून मांडतात, एकदा तर मी एकच अड्डा दोन वेगळ्या फाइलींत पाहिलाय. म्हणून मी कापडाकडे बघत नाही, लाकडाकडे बघतो. कारागिराचं मनगट आणि कोपर जिथं टेकतं तिथं लाकूड झिजून काळं-गुळगुळीत झालेलं असतं, आणि ते चार-सहा महिन्यांत होत नाही. या बाईच्या तिन्ही अड्ड्यांवर तसे डाग होते. मग मी वही मागितली. जरीकामात मजुरी नफरीवर मोजतात, आठ तासांची एक नफरी. तिच्या वहीत प्रत्येक कारागिराच्या नावापुढे पूर्ण नफरी, अर्धी नफरी, उचल, सगळं महिन्यावार. मधली दोन पानं मी मुद्दाम उघडली आणि माळ्यावर बसलेल्या कारागिराला विचारलं, ईदच्या आधीच्या आठवड्यात किती नफरी झाल्या? त्यानं सांगितलेला आकडा वहीतलाच होता. इतकी स्वच्छ फाइल वर्षातून चार-पाचदाच मिळते. लाइट बिल घरमालकाच्या नावावर होतं, पण करारपत्र होतं. मी तिथंच मनात पॉझिटिव्ह धरलं होतं.

राहिली दोन दारं. पहिलं दार वाजवल्यावर उघडलं, एक माणूस बाहेर आला, माझ्या हातातला फोन आणि खांद्यावरची बॅग बघून म्हणाला, ‘साहब, हमको कुछ मालूम नहीं,’ आणि दार बंद. त्याला मी साध्या वेशातला पोलिस वाटलो असणार. नाक्यावर गाडी उभी असताना त्यानं दुसरं काय करावं? पण आमच्या फॉर्ममध्ये यासाठी एकच खूण आहे: शेजाऱ्यानं माहिती देण्यास नकार दिला. वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्या दारात एक म्हातारी बाई तांदूळ निवडत बसलेली. माझं मराठी ऐकून म्हणाली, “बस बाबा, पाऊस आलाय.” बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून आलेलं कुटुंब. शेजारणीचं नाव काढताच बोलायलाच लागली. कशी एकटीनं धंदा उभा केला, कशी कारागिरांना वेळेवर पैसे देते, म्हातारीच्या नातीला कशी शिवण शिकवते. आणि म्हणाली, “भाऊ आत आहे बघ तिचा, त्या बाटल्यांच्या केसमध्ये. पण तिनं त्याला वर्षभर आधीच घराबाहेर काढला होता. रडली, पण काढला. आम्हाला नाही जमलं आमच्या पोराचं.”

मी पुलाखाली रिक्षाची वाट बघत फॉर्म भरला. पहिल्या दाराची सोडून बाकी सगळ्या खुणा पॉझिटिव्ह. मग रिमार्क. तिथं मी लिहिलं: ‘शेजाऱ्यांकडून समजले की अर्जदाराचा भाऊ अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे.’

एवढंच. तिनं त्याला घराबाहेर काढल्याचं लिहिलं नाही. जागा होती. वेळही होता, रिक्षा यायला दहा मिनिटं लागली. मी लिहिलं नाही, कारण पहिलं वाक्य लिहिलं नसतं आणि पुढे काही निघालं असतं तर मला विचारलं असतं, ‘गोवंडीची केस, आणि तू हे सांगितलं नाहीस?’ दुसरं वाक्य नाही लिहिलं तर मला कोणीच काही विचारणार नव्हतं.

दोन दिवसांत फाइल नामंजूर. मी स्वतःहून फोन केला, असं मी सहसा करत नाही. तिकडचा अधिकारी म्हणाला, “फॅमिलीत गुन्हेगार आहे, तूच लिहिलंयस.” मी सांगितलं की तिनं त्याला आधीच हाकललं होतं, धंदा पक्का आहे, वही पाहिली आहे. तो म्हणाला, “मग तसं लिहायचं होतंस.” फाइल पुन्हा उघडता येईल का, तर नाही. त्याचा मला राग आला, पण त्याचं बोलणं चूक नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. म्हातारीनं भावाचं सांगितलं ते चुगली म्हणून नव्हे. ते त्या बाईचं कौतुक होतं, तिच्या हिमतीचा पुरावा होता. माझ्या हातून तोच तिच्यावरचा डाग झाला.

त्याच आठवड्यात मी चेंबूरच्या एका टॉवरला गेलो होतो, ४५ लाखांची फाइल. गेटवर अडवलं, वॉचमननं इंटरकॉमवर विचारलं, वरून हो आलं, झालं. शेजारी कोण, भाऊ कुठं, बाप काय करतो, कोणाला विचारणार? आमच्याच नियमात लिहिलंय की सिक्युरिटीनं खात्री दिली तरी चालतं. ११ वर्षांत अशा टॉवरमधल्या एकाही अर्जदाराचा भाऊ कुठं आहे हे मला कळलेलं नाही. गोवंडीत ते दोन दारांत कळतं, कारण दारं उघडी असतात आणि गल्ली चार फुटांची असते.

लोक मला विचारतात, तू फिरतोस, खरंच तसं आहे का तिकडे? मी म्हणतो, आहे. पण ती म्हातारी सातनंतर नातीला बाहेर सोडत नाही, तिचा स्वतःचा मुलगा त्या बाटल्यांनी गेला, तिच्या शेजारणीनं सख्खा भाऊ गमावला. त्या गुन्ह्यांनी ज्यांचं घर पोळलंय त्यांच्याच नावापुढे आम्ही तो गुन्हा लिहितो. चाकू मारणारा पोरगा काही कर्ज मागायला येत नाही.

या जानेवारीत त्याच रोडला दुसरी केस होती. वळणावर ती बाई समोरून आली, हातात जरीची पिशवी. तिनं मला ओळखलं. मीच म्हटलं, “वो फाइल का... ऊपर से नहीं हुआ।” ती म्हणाली, “हाँ, मेसेज आया था। ब्याज पे उठाया फिर।” महिन्याला पाच टक्के. मग माझीच समजूत काढत असल्यासारखं म्हणाली, “एरिया का प्रॉब्लेम होगा ना सर, आप क्या करोगे।”

तो पिन कोड त्या महिन्यात यादीत नव्हता. फाइल माझ्या एका ओळीनं पडली होती. मी तिला म्हटलं, “हाँ, एरिया का ही था,” आणि पुढच्या पत्त्याकडे वळलो.